महागडा रेनकोट आणि कोकणातला घाम
घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या (‘ब्रीदेबल’) कापडाचा महागडा रेनकोट घेतला की आत घाम साचत नाही, असं बाइकवाल्यांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कोकणात हे टिकत नाही. असं कापड वाफ बाहेर सोडतं ते आत बाहेरच्यापेक्षा जास्त बाष्प असेल तरच. मे महिन्यात रत्नागिरी-गणपतीपुळे किनाऱ्यावर बाहेरच इतका दमटपणा असतो की वाफेला वाव फारसा उरत नाही. वरचं कापड भिजलं की आणखी कमी. म्हणून वळवाच्या सरींसाठी साधा, टँकबॅगेत (पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या पिशवीत) घडी मावणारा रेनकोट पुरतो. पैसे घालायचेच तर शिवणींवर आतून चिकटवलेल्या टेपसाठी आणि रेनकोटच्या चेनवरच्या (झिपवरच्या) कापडी झडपेसाठी घाला, पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. रायडिंग जॅकेटवरून चढायला हवा, पण वाऱ्यावर फडफडायला नको. रेनकोटची पँट तापलेल्या सायलेन्सरला लागू देऊ नका, वितळते. सर ओसरली की रेनकोट लगेच काढा.