बोर्दोची वाईन मुरते म्हणजे नक्की काय होतं

कैरीचं लोणचं घातल्या घातल्या खाल्लं तर कैरी वेगळी लागते, मीठ वेगळं लागतं, मसाला वेगळा, आणि तीनचार महिन्यांनी तीच बरणी उघडली की सगळं एक झालेलं असतं, त्याला आपण मुरलं म्हणतो. जुन्या फ्रेंच रेड वाईनबद्दल बोलायला मला याच्यापेक्षा चांगला शब्द अजून सापडलेला नाही. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त फ्रान्समध्ये होतो, तिथे एका सहकाऱ्याने जेवायला बोलावलं आणि बोर्दो भागातल्या पॉयाक गावची २००० सालची बाटली उघडली, तेव्हा ती वीस वर्षांची झाली होती. त्याने ग्लास पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरका धरला आणि म्हणाला, कड बघ. मधे गडद लाल आणि कडेला चक्क विटकरी. वास फळांचा नव्हताच, आजीची जुनी लाकडी पेटी उघडल्यावर येतो तसा होता, त्यात थोडा तंबाखू, थोडं चामडं, थोडा ओला पालापाचोळा. आणि घोट घेतला तर तुरटपणा अगदी नावाला. मला हे कळेचना की बूच लावलेल्या बाटलीत, जिथे ना काही आत जातंय ना बाहेर येतंय, तिथे इतकं सगळं बदललं कसं?

तर पॉयाक हे मेदॉक या वाईनसाठी प्रसिद्ध पट्ट्यातलं गाव, बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर. जमीन गोट्यांची, पाणी पटकन निचरून जाणारी, आणि द्राक्ष मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यों. हे द्राक्ष म्हणजे काबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं पोर, हे १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून सांगितलं, म्हणजे आईबापांपैकी एक काळं द्राक्ष आणि एक पांढरं. दाणा बारीक, साल जाड, बिया भरपूर, आणि टॅनिन असतं ते याच सालीत आणि बियांत. टॅनिन तुम्हाला ओळखीचं आहे, जास्त उकळलेला चहा, सुपारी, कच्चं केळं खाल्लं की तोंड आखडतं ना, तेच. आपल्या लाळेत काही प्रोटीन असतात जी तोंडाला वंगण घालतात, टॅनिन त्यांना धरून ठेवतं आणि वंगण जातं, त्यामुळे तुरट ही चवीपेक्षा स्पर्शाचीच गोष्ट जास्त आहे. रंग येतो तो अँथोसायनिनमुळे, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती याच कुटुंबातल्या रंगांनी.

आता नव्या वाईनमधे हे टॅनिन आणि हे रंग सुटे सुटे असतात. मग वर्षानुवर्षं ते एकमेकांना जोडले जातात, टॅनिनला टॅनिन, टॅनिनला रंग, काही साखळ्या वाईनच्या अ‍ॅसिडमुळे तुटतात आणि तुकडे पुन्हा दुसरीकडे जोडले जातात, आणि जे नवे रेणू तयार होतात ते लाळेतल्या प्रोटीनला तितकं घट्ट धरत नाहीत. रंग जांभळटवरून विटकरीकडे सरकतो. जे फार मोठं होतं ते विरघळलेलं राहू शकत नाही, तळाला बसतं. आणि बूच पूर्ण बंद नसतं बरं का, चांगल्या बुचातून वर्षाला साधारण एखाद मिलिग्रॅम ऑक्सिजन आत येतो, तेवढासाच लागतो. लुई पाश्चरने १८६० च्या दशकातच दाखवलं होतं की ऑक्सिजन अजिबात मिळाला नाही तर वाईन कोवळीच राहते आणि फार मिळाला तर ती मरते. वासाचंही असंच, फळांचे वास हळूहळू विरतात आणि डायमिथाईल सल्फाईडसारखे सल्फरवाले रेणू अगदी किंचित प्रमाणात तयार होतात, ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुवासिक अळंबी) आणि ओल्या मातीकडे झुकणारा तो जुना वास त्यात यांचा मोठा वाटा आहे.

पण एक गैरसमज मला मनापासून दूर करावासा वाटतो, की जितकी जुनी तितकी चांगली. नाही हो. जगातली बहुतेक वाईन दोनतीन वर्षांत पिऊन टाकायची असते, आपल्या नाशिकची रेडसुद्धा बरीचशी तशीच, आणि त्यात काही कमीपणा नाही. मुरायला मुळात भरपूर टॅनिन आणि अ‍ॅसिड लागतं, पाणीदार कैरीचं लोणचं टिकत नाही तसंच हे.

विकत घेताना लोक लेबल बघतात. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मुख्यतः बाजारभावावरून मेदॉकच्या वाईनची पाच पायऱ्यांची यादी केली, त्यात पहिल्या पायरीवर हे द्राक्षमळे होते, लाफीत, मार्गो, शातो लातूर (आपल्या लातूरशी नातं नाही, फ्रेंचमधे तूर म्हणजे बुरूज) आणि मेदॉकबाहेरची एकटी ओ-ब्रियों, आणि १९७३ साली दुसऱ्या पायरीवरच्या मूतों या मळ्याला वर घेतलं तेवढा एक मोठा बदल सोडला तर ती यादी आजही जवळपास तशीच चालते. ही नावं इतकी महाग आहेत की साध्या माणसाने त्यांच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा २००५, २००९, २०१० अशा चांगल्या सालातली, मेदॉकमधल्याच सँत-एस्तेफ किंवा ओ-मेदॉक भागातली कमी नावाजलेली बाटली घ्या.

आणि लेबलपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती बाटली इतकी वर्षं राहिली कुठे हे विचारा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, आणि नको त्या क्रियाही होतात, म्हणून तिथली तळघरं १२-१३ अंशांवर असतात. मी एकदा एका दुकानातून मोठ्या हौसेने पंधरा वर्षांची बाटली आणली, लेबल कोरं करकरीत, आणि आत शिजवलेल्या मनुकांसारखी चपटी चव, कुठेतरी उन्हाळे काढले होते तिने. तेव्हा मी वाईन कुठपर्यंत भरलेली आहे हे बघितलंच नव्हतं. वीस वर्षांच्या बाटलीत ती मानेपर्यंत हवी, खांद्याच्या खाली उतरली असेल तर हवा आत गेलीय समजा. मुंबईच्या फ्लॅटमधे कपाटात ठेवून वाईन मुरवायचा विचार तर सोडूनच द्या.

फारच जुन्या, लाखालाखांच्या बाटल्यांत नकलीही असतात. बोर्दोतल्या फिलिप उबेर या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावर सुंदर उपाय काढला, अणुचाचण्या सुरू झाल्यावर सिझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य जगभर पसरलं आणि द्राक्षांतही आलं, त्याचे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात, त्यामुळे बाटली न उघडता मोजता येतात, आणि चाचण्यांच्या आधीच्या म्हणवणाऱ्या वाईनमधे ते सापडलं तर खोटेपणा उघड.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. बूच सावकाश काढा, जुनं बूच भुगा होतं. वास घेतल्यावर पावसाळ्यातल्या बंद कपाटासारखा कुबट वास आला तर तो ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं, खराब बुचातून उतरणारं रसायन, लिटरमधे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, त्याला इलाज नाही. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओता आणि गाळ दिसला की थांबा. १६ ते १८ अंश ठेवा, आपल्या खोलीचं तापमान नव्हे. आणि शक्य असेल तर लेबल झाकून प्या, कारण २००१ मधे प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्याच प्रयोगात ५४ जणांना पांढऱ्या वाईनमधे बिनवासाचा लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं, म्हणजे डोळा नाकाला किती ओढून नेतो बघा.

आमच्या त्या पॉयाकचा वास तासाभरात आणखी उमलला आणि दोन तासांनी विरत गेला, जुनी वाईन हवेत फार टिकत नाही. शेवटी बाटलीच्या तळाला काळपट गाळ उरला होता. सहकाऱ्याने नको नको म्हणत असताना मी तो चमच्याने चाखला, किरकिरीत, कडू, आणि तोंड आखडून टाकणारा. वीस वर्षांपूर्वी अख्ख्या बाटलीत असलेला तुरटपणा तिथे खाली येऊन बसला होता.