टायटॅनियम डायऑक्साइड (खाद्यरंग १७१)

खाद्यपदार्थांना पांढरेपणा व अपारदर्शकता देणारे खनिज रंगद्रव्य. पाकिटावरील घटकयादीत ते ‘रंग (१७१)’, आंतरराष्ट्रीय क्रमांकन पद्धतीने ‘आयएनएस १७१’ किंवा युरोपीय पद्धतीने ‘ई १७१’ असे नोंदलेले असते. शेजारचा १७० हा क्रमांक कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. त्याची झाकणशक्ती बरीच कमी असल्याने दोहोंत गल्लत करू नये.

इंग्रज धर्मगुरू व खनिज अभ्यासक विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत एका अज्ञात धातूचे ऑक्साइड सापडले. १७९५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट यांनी रुटाइल खनिजात तेच स्वतंत्रपणे ओळखून धातूला टायटॅनियम हे नाव दिले. शोधाचे श्रेय सामान्यतः ग्रेगर यांना देतात व ते रास्त दिसते. रंगद्रव्याचा कच्चा माल असलेले इल्मेनाइट केरळप्रमाणे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे.

या भुकटीचा पांढरेपणा प्रकाशाच्या विखुरण्यातून येतो. पाण्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.३३, तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेझ या स्फटिकरूपाचा सुमारे २.५ व रुटाइल या रूपाचा सुमारे २.७ आहे. या तफावतीमुळे अल्प मात्राही पुरते. रंगीत साखरगोळी फोडून कड भिंगाखाली धरली, तर रंगाच्या पातळ पापुद्र्याखाली पुष्कळदा पांढरा थर दिसतो. तो आतला मळकट रंग झाकतो आणि वरचा रंग खुलवतो.

सुरक्षिततेबाबत मतभेद आहेत. अमेरिकेत १९६६ पासून वजनाच्या १ टक्क्यापर्यंत वापरास परवानगी आहे. फ्रान्सने २०२० पासून खाद्यपदार्थांतील वापर थांबवला. मे २०२१ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेशींतील जनुकद्रव्यास इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून सुरक्षित दैनिक मात्रा ठरवता येत नाही, असे मत दिले. यामागे १०० नॅनोमीटरहून लहान कणांचा प्रश्न होता. युरोपीय संघाची बंदी २०२२ मध्ये आली. औषधांतील वापर मात्र तूर्त चालू ठेवण्यात आला. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये दैनिक मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे आपले जुने मत कायम ठेवले. युरोपीय मत ‘विषारी ठरले’ असे सांगणे चूक आहे. पुराव्याच्या अपुरेपणावर बोट ठेवणारे म्हणूनच ते अधिक सावध वाटते.

भारतात रंग हा वर्ग लिहून पुढे नाव वा क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकेत मात्र ‘रंग घातला आहे’ एवढा मोघम उल्लेखही चालतो, त्यामुळे तिथल्या आयात पाकिटावर १७१ न दिसणे म्हणजे तो नसणे नव्हे.