चिपवर प्रतिपिंड बसवण्याची गोष्ट

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडतापाने शिरकाव केला. १९५७ मध्ये शिवमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला हा विषाणू गोचीड चावल्याने माणसात येतो आणि काजूच्या हंगामात रानात राबणारे त्याच्या तडाख्यात सापडतात. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू असतो, पण तो ओळखायचा तर नमुना सुसज्ज प्रयोगशाळेत न्यावा लागतो. हीच तपासणी तालुक्याच्या गावी, वाळपईत, रुग्णाच्या उशाशी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. विषाणू टिपणाऱ्या चिपांवर जगभर चाललेल्या कामाकडे मी त्याच आशेने पाहतो.

या कामात खरी कसोटी लागली ती प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला नेमके ओळखून धरणारे प्रथिन, चिपवर बसवताना. १९६७ मध्ये कॅट आणि ट्रेगिअर यांनी प्लास्टिकच्या नळीला आतून प्रतिपिंडे नुसती चिकटू दिली आणि तेवढ्याने चाचणी झाली. पुढे एलायझा ही प्रयोगशाळांतली प्रतिपिंडांवर चालणारी चाचणीही याच युक्तीवर स्थिरावली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांच्यामुळे एकसारखी प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली.

पण आपोआप चिकटलेले प्रतिपिंड कसेही पडते. त्याचा आकार गलोलीसारखा; विषाणू धरला जातो तो दोन फांद्यांच्या टोकांशी. दांडा चिपला आणि फांद्या वर, असे ते उभे राहायला हवे. आडवे-उलटे पडलेले प्रतिपिंड असून नसल्यासारखे.

१९८३ मध्ये नुझो आणि अलारा यांनी गंधकयुक्त रेणू सोन्यावर आपणहून शिस्तीत रांग धरतात हे दाखवले. त्या रेणूंच्या मोकळ्या टोकांना प्रतिपिंड रासायनिक बंधाने पक्के जोडता येऊ लागले. तरी दिशेचा प्रश्न उरलाच, कारण बंध जुळवणारे अमाइन गट (नायट्रोजन असलेली टोके) प्रतिपिंडाच्या अंगभर विखुरलेले असतात. यावर उपाय मिळाला एका जिवाणूकडून: स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे ‘प्रोटीन ए’ प्रतिपिंडाचा नेमका दांडाच पकडते. आधी ते चिपवर बसवायचे, मग त्यावर प्रतिपिंड. या साऱ्या इतिहासातली मला ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

२००४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्रतिपिंडे लावलेल्या सिलिकॉनच्या नॅनोतारेवर (अतिसूक्ष्म तारेवर) फ्लूचा एकेक विषाणू टिपला. २०२० मध्ये कोरियात ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराच्या, चिपवर कोरोनाचा विषाणू ओळखला गेला.

या दोन्ही चिपा विषाणूच्या विद्युतभाराने प्रवाहात पडणारा फरक टिपतात. रक्तात मात्र अशा विद्युत चिपा अडखळतात. त्यातले क्षार विद्युतभाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात, आणि प्रतिपिंडच दहा-पंधरा नॅनोमीटरचे. म्हणून काही गट अख्ख्या प्रतिपिंडाऐवजी त्याची नुसती फांदी बसवतात, तर काही नमुना पातळ करून घेतात. शिवाय प्रतिपिंड हे शेवटी प्रथिन. उष्णतेने ते बिघडते. ट्रेहॅलोजसारख्या साखरेत वाळवून ते टिकवता येते, पण सत्तरीसाठी चिप बनवायची तर ती एप्रिलच्या उकाड्यात, शीतपेटीविना तपासूनच घ्यावी लागेल.