जुन्या स्वरलिपीचे पुस्तक हाती घेण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत निघालेल्या संगीताच्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे आमच्याकडून नेणारे बरेच ग्राहक महिन्याभरात पुन्हा फोन करतात, आणि त्यांतील बहुतेकांचे म्हणणे एकच असते, की पुस्तकात छपाईच्या चुका फार आहेत. काही जण पुस्तक परत पाठवतात, काही जण लाल शाईने दुरुस्त्या करून पाठवतात. अशी प्रत आली की आम्ही मूळ प्रत बाहेर काढतो, दोन्ही पाने शेजारी ठेवतो आणि भिंगाखाली एकेक खूण ताडून पाहतो. या कामात दरवेळी अर्धा दिवस जातो. क्वचित आमच्याकडून एखादी पुसट खूण सुटलेली सापडते आणि ती आम्ही पुढच्या छपाईत सुधारतो. परंतु बहुतेक वेळा छपाई मुळाबरहुकूमच असते, पुस्तक मात्र स्वर खुणांनी लिहिण्याच्या, म्हणजे स्वरलिपीच्या, एका पद्धतीचे आणि वाचणाऱ्याची सवय दुसऱ्या पद्धतीची असते. हे माहितीपत्रक केवळ या एका गोष्टीसाठी काढले आहे. पुस्तक उघडण्याआधी ते एकदा शांतपणे वाचावे, ही विनंती.

त्या काळात आपल्याकडे दोन स्वरलेखन पद्धती मोठ्या प्रमाणावर छापल्या गेल्या. एक पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांची आणि दुसरी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. राजाश्रयावर अवलंबून न राहता तिकीट लावून जाहीर गायन करावे, त्या उत्पन्नातून विद्यालय चालवावे आणि विद्यार्थ्यांच्या हाती छापील पुस्तक द्यावे, असा त्यांचा खटाटोप होता. त्यासाठी विद्यालयाचा स्वतःचा छापखानाही होता. छपाईच्या धंद्यात असल्यामुळे आम्हाला याचे विशेष अप्रूप वाटते, कारण अक्षराच्या डोक्यावर एक खूण, पायाशी दुसरी खूण आणि त्याखाली गीताचे शब्द, अशी तीन मजली ओळ शिशाच्या खिळ्यांनी जुळवणे हे जुळाऱ्याच्या धीराची परीक्षा पाहणारे काम होते. या सगळ्या व्यापाचे कर्ज पुढे इतके वाढले, की विद्यालयाची मुंबईतील इमारतही हातची गेली. ती पुस्तके आज आपल्या हाती येतात, तेव्हा त्यामागची ही किंमत आमच्या डोळ्यांसमोर असते.

भातखंडे व्यवसायाने वकील होते. निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून बंदिशी मिळवून, त्यांचे स्वरलेखन करून त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत सिद्ध केली, तीही मराठीत. त्यांची चिन्हे कमी आणि सुटसुटीत असल्यामुळे पुढे तीच अधिक रूढ झाली, आणि आज पेटीच्या वर्गापासून मोबाईलवर येणाऱ्या स्वरलिपीपर्यंत बहुतेक ठिकाणी आपण त्यांचीच चिन्हे वाचतो. अडचणीचे मूळ इथेच आहे. आपल्या डोळ्यांना भातखंडे पद्धतीची इतकी सवय झालेली असते, की ती पद्धत म्हणजेच स्वरलिपी असे आपण गृहीत धरतो. संगीत विशारदच्या परीक्षेत दोन्ही पद्धतींची तुलना नीट लिहून आलेले विद्यार्थीसुद्धा पुस्तक पेटीवर ठेवले की जुन्याच सवयीने वाचू लागतात, हे आम्ही आमच्या दुकानात अनेकदा पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष घोटाळा कुठे होतो ते सांगतो. दोन्ही पद्धतींत चिन्हे वेगळी असती तर एवढा त्रास झालाच नसता. अनोळखी खूण दिसली की माणूस आपोआप थांबतो आणि विचारतो. इथे मात्र खुणा त्याच आहेत आणि अर्थ वेगळे आहेत. स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंडे पद्धतीत तो तार (वरच्या) सप्तकातील स्वर होतो, आणि पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र (खालचे) सप्तक दाखवते. भातखंडे मंद्र सप्तकासाठी टिंब स्वराच्या खाली देतात. पलुस्कर तार सप्तकासाठी स्वराच्या डोक्यावर उभी रेघ देतात. ही उभी रेघ भातखंडे पद्धतीत फक्त मध्यमावर (म) येते आणि तो तीव्र (चढा) मध्यम असतो. स्वराखालची आडवी रेघ भातखंडे पद्धतीत कोमल (उतरलेला) स्वर दाखवते, तर पलुस्कर पद्धतीत ती एका मात्रेची, म्हणजे तालातील एका ठोक्याएवढ्या काळाची, खूण आहे. त्यांच्याकडे कोमल स्वराचा पाय मोडलेला असतो, म्हणजे आपण हलन्त अक्षराला देतो तशी खूण स्वराला दिलेली असते. भातखंडे शून्य लिहितात ते ‘खाली’साठी, म्हणजे तालात टाळी न देण्याच्या जागेसाठी. पलुस्करांच्या पुस्तकात स्वराखाली शून्य दिसले तर ती अर्धी मात्रा समजावी.

तालाच्या खुणांत तर आणखी बारीक फसगत आहे. भातखंडे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, फुली देतात, पलुस्कर समेवर १ हा आकडा देतात आणि खालीसाठी अधिकाची खूण वापरतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर शाई थोडी पसरलेली असली की फुली आणि अधिक या दोन खुणा जवळजवळ सारख्याच दिसतात. त्रितालातील बंदिशीत अधिकाची खूण सम समजून ठेका धरला की सगळे आठ मात्रांनी सरकते आणि समेवर यायचा शब्द खालीवर येऊन पडतो. असे झाले की गायक पुस्तकाला दोष देतो आणि तबलजी गायकाला.

मागील वर्षी एक गृहस्थ भीमपलास रागातील एका बंदिशीचे पान घेऊन आले होते. अनेक वर्षे मनापासून पेटी वाजवणारे, जाणकार ग्राहक. अंतऱ्यात मध्यमावर उभी रेघ होती आणि भीमपलासात तीव्र मध्यम कसा आला, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. त्याच ओळीत त्याआधीच्या षड्जावरही (सा) तशीच रेघ होती, ती त्यांना दाखवली. षड्ज तीव्र होत नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी स्वतःच मान हलवली, पेटीवर तार षड्ज धरला आणि तेथून तार मध्यमापर्यंत जाऊन ती ओळ वाजवली. अंतरा जसा असायला हवा तसा निघाला. त्यांनी घरच्या प्रतीत मात्र त्याआधीच बावीस पानांवर बॉलपेनने दुरुस्त्या केलेल्या होत्या, याचे त्यांच्याइतकेच आम्हालाही वाईट वाटले.

या उदाहरणातून एक सोपी कसोटी निघते आणि ती आम्ही सर्वांना सांगतो. षड्ज आणि पंचम (प) हे अचल स्वर आहेत. ते कोमलही होत नाहीत आणि तीव्रही होत नाहीत. म्हणून नव्या पुस्तकातील कोणतेही पान उघडून आधी फक्त ‘सा’ आणि ‘प’ पाहावेत. त्यांच्या डोक्यावर उभी रेघ किंवा पायाशी आडवी रेघ दिसली, तर ते पुस्तक भातखंडे पद्धतीने वाचताच येणार नाही, हे तेथेच ठरते. दुसरी कसोटी गळ्याची आहे. भूप रागातील ओळ ‘ध सा रे ग’ अशी सुरू होत असेल आणि त्या पहिल्या धैवतावर टिंब असेल, तर तार धैवतावरून एकदम मध्य षड्जावर कोणी उडी घेत नाही. तो मंद्र धैवत आहे आणि ओळ तेथून सरळ वर चढते. जेथे गळ्याला न झेपणारी उडी लिहिलेली दिसते, तेथे पुस्तकावर शंका घेण्याआधी पद्धत तपासावी. या दोन कसोट्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.

पलुस्कर परंपरेतील सर्व पुस्तकांत चिन्हे तंतोतंत सारखी नसतात, हेही ध्यानात असू द्यावे. त्यामुळे अंतिम शब्द त्या त्या पुस्तकातील चिन्हपरिचयाचा, म्हणजे खुणांचे अर्थ सांगणाऱ्या पानाचा, असतो. हे पान बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीला असते, आणि जुन्या पुस्तकाचे सगळ्यात आधी फाटते किंवा सुटून पडते तेही सुरुवातीचेच पान. ज्या मूळ प्रतीत चिन्हपरिचय शिल्लक नव्हता, तेथे आम्ही त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मिळेपर्यंत छपाई थांबवली आहे. एका पुस्तकासाठी आम्ही यापायी सात महिने थांबलो होतो. पुस्तक ‘लवकरच’ येणार म्हणून सांगितले आणि इतका उशीर केला, अशी नाराजी त्या वेळी काही ग्राहकांनी व्यक्त केली. पण किल्लीवाचून कुलूप विकणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही.

‘तुम्हीच सगळी स्वरलिपी भातखंडे पद्धतीत बदलून का छापत नाही?’ असे वारंवार विचारले जाते. प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. पलुस्करांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराची मात्रा स्वतंत्र खुणेने लिहिलेली असते. अर्धी, पाव, एक, प्रत्येकीची खूण वेगळी. भातखंडे पद्धतीत एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांना खालून एक कंस दिला जातो आणि त्या कंसातील विभागणी वाचणाऱ्याने समजून घ्यायची असते. एकीतून दुसरीत उतरवताना कुठे तरी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय मूळ पानावर छापला की पुढच्या माणसाला मूळ काय होते ते कधीच कळत नाही. म्हणून मूळ पुस्तक आम्ही जसेच्या तसे छापतो, त्यातील जुन्या शुद्धलेखनालाही हात लावत नाही, आणि निवडक बंदिशींचे भातखंडे पद्धतीतील लिप्यंतर वेगळ्या पुस्तिकेत देतो. ही पुस्तिका दोन जाणकार गाऊन व वाजवून तपासतात. तिची वेगळी किंमत पडते ती त्यांच्या कामाची. ज्यांना केवळ गाणे बसवायचे आहे त्यांनी पुस्तिका घ्यावी, ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांनी मूळ पुस्तक घ्यावे, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना आम्ही टपालखर्च लावत नाही.

नाटकांच्या पदांच्या पुस्तकांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तेथे तक्रार उलटी असते: यात स्वरलिपीच नाही. ती मुळातही नव्हती. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ म्हणून एखाद्या ठाऊक असलेल्या गीताचे किंवा चिजेचे पहिले शब्द दिलेले असतात. त्या काळच्या रसिकाला तेवढे पुरत असे. ‘सौभद्र’मध्ये साकी, दिंडी अशा पद्यप्रकारांच्या ओळखीच्या चाली होत्या, १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा त्या बैठकीच्या गायकीतून आल्या. ती मूळ चीज अनेकदा भातखंड्यांच्या मालिकेत सापडते, आणि ग्राहकाने पदाचे नाव कळवले तर आम्ही शोधून देतो. ग्रामोफोनच्या तबकडीवरचे पद पुस्तकाशी जुळत नसेल तर त्याचेही कारण साधे आहे: दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत रंगणारे पद त्यात बसवायचे म्हणजे काटछाट आलीच.

हक्कांबाबत कोणी विचारतात, म्हणून नमूद करतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. पलुस्करांचे निधन १९३१ मध्ये आणि भातखंड्यांचे १९३६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांची पुस्तके छापण्यास आता मोकळीक आहे. ज्या संपादकांची किंवा संगीतकारांची मुदत संपलेली नाही, त्यांची पुस्तके आग्रह झाला तरी आम्ही झेरॉक्स करूनही देत नाही.

आपल्या घरात अशी जुनी पुस्तके असतील तर ती आम्हाला स्कॅनसाठी अवश्य द्यावीत. प्रत सुखरूप परत मिळते, सुटलेली पाने जोडून मिळतात आणि शिलाई करून नवी पुठ्ठाबांधणी आम्ही आमच्या खर्चाने करून देतो. मात्र देण्यापूर्वी त्यातील कोणतीही खूण खोडू, गिरवू किंवा पांढऱ्या शाईने झाकू नये. आजोबांनी पेन्सिलीने केलेल्या नोंदीसुद्धा पुसू नयेत, कारण कोणती खूण छापलेली आणि कोणती हाताने केलेली हे आम्हाला भिंगाखाली ओळखता येते, परंतु पुसलेली खूण परत आणता येत नाही.

यापुढे प्रत्येक पुस्तकासोबत दोन्ही पद्धतींच्या चिन्हांचा जाड कागदावर छापलेला तक्ता विनामूल्य दिला जाईल. तो पेटीवर पुस्तकाशेजारी उभा राहील अशा मापाचा केला आहे. ज्यांनी आधी पुस्तके नेली आहेत त्यांनी दुकानातून तो घेऊन जावा. एवढे करूनही चूक वाटली तर पुस्तक न पाठवता त्या पानाचा आणि चिन्हपरिचयाच्या पानाचा, असे दोन फोटो पाठवावेत आणि राग, ताल व ओळ कळवावी. दोन्ही पाने एकत्र मिळाली की आम्ही बहुधा त्याच दिवशी उत्तर देतो, आणि चूक खरोखरच आमची असेल तर सुधारलेले पान छापून घरपोच पाठवतो.

व्यवस्थापक