कर्करोगाचे उपचार आणि दान केलेले नेत्रपटल : पार्श्वभूमी

कर्करोगावर केमोथेरपी (केमो) घेतलेल्या माणसाचे नेत्रपटल, म्हणजे कॉर्निया, डोळ्यासमोरचा पारदर्शक पडदा, मरणोत्तर दान करता येते का, हा इथला प्रश्न. नेत्रपटलाच्या १९०५ च्या पहिल्या यशस्वी रोपणात दाता जिवंत होता. एका मुलाचा जखमी डोळा काढावा लागला, त्याचेच पटल वापरले. मरणोत्तर दात्याचा आजार तपासण्याची वेळ पुढे आली. कर्करोगाबाबत धडकी भरवणारी नोंद १९३९ ची: दृष्टिपटलाचा (डोळ्यातल्या मागच्या पडद्याचा, रेटिनाचा) कर्करोग असलेल्या डोळ्यातले नेत्रपटल बसवले आणि घेणाऱ्याच्या डोळ्यात तीच गाठ वाढली. डोळ्यातल्या अशा गाठींचे दाते आजही बाद ठरतात.

खरा वाद रक्ताच्या कर्करोगाचा. स्तन, फुप्फुस, आतडे यांचा कर्करोग असलेल्यांचे नेत्रपटल बहुतेक ठिकाणी स्वीकारतात. ल्युकेमिया, लिम्फोमा असेल तर नाही. युरोपच्या २००६ च्या नियमांत रक्ताचा कर्करोग असलेले दाते बादच आहेत. पण नेत्रपटलात रक्तवाहिन्याच नाहीत, मग रक्तातल्या पेशी तिथे पोचणार कशा? यावरचा खुलासा असा, की पटल काढताना भोवती डोळ्याच्या पांढऱ्या भागाची काही मिलिमीटरची कड ठेवतात आणि तिथे रक्तवाहिन्या असतात. ठीक, पण नेहमीच्या रोपणात मधली चकती तेवढी कापून घेतात, कड बाजूला जाते. कडेच्या मूळपेशी (स्टेम सेल) वापरायच्या असतील तर बंदी पटते. एरवी ती पुराव्यापेक्षा धास्तीवर जास्त उभी आहे, असे मला वाटते.

या सगळ्यात उपचार कुठे आले? नियम विचारतात तो रोग. 'कर्करोगाचा दाता' या एका शब्दप्रयोगात रोग आणि केमो दोन्ही कोंबले जातात, घोळ तिथून सुरू होतो. केमोची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. पटलाच्या वरच्या थरातल्या पेशीही अशाच झपाट्याने विभागतात. सायटॅराबिन या केमोच्या औषधाच्या मोठ्या डोसने हा थर सोलवटतो, डोळे चुरचुरतात. पण दात्याचा हा थर रोपणानंतर टिकत नाही, घेणाऱ्याच्या पेशी त्याची जागा घेतात. रोपण तगते ते आतल्या थरावर, आणि प्रौढ माणसात तिथल्या पेशी जवळपास विभागतच नाहीत. म्हणून त्यांच्यावर केमोची पकड कमी असावी, असा तर्क आहे. तर्कावर विसंबायचीही गरज नाही: नेत्रपेढ्या स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली या पेशी मोजतात आणि चौरस मिलिमीटरला साधारण २००० च्या खाली आकडा गेला की पटल सहसा आतल्या थराच्या रोपणाला देत नाहीत. आकडा कशाने घसरला, केमोने की वयाने, हे मोजणीला कळत नाही.

२००६ पासून तर आतला थर पापुद्र्यासारखा सोडवून तेवढाच बसवण्याची शस्त्रक्रिया रूढ होत गेली. तिथे वरच्या थराला काय झाले होते, हा प्रश्नच उरत नाही.