मुरूम आणि आहार: ‘हो’पासून ‘नाही’पर्यंत आणि परत

मुरुमांचा आणि खाण्याचा काही संबंध आहे का? या प्रश्नाला डॉक्टरांनी दिलेलं उत्तर गेल्या शंभर वर्षांत निदान दोनदा फिरलं आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य त्वचारोगतज्ज्ञांना त्याबद्दल फारशी शंका नव्हती. चॉकलेट, मिठाया, तेलकट-तुपकट पदार्थ आणि गोड शीतपेयं बंद करा, हे पथ्य पाठ्यपुस्तकांतच असे. त्याला आधार मुख्यतः रुग्णांच्या सांगण्याचा आणि डॉक्टरांच्या अनुभवाचा. पण मुरूम हा मुळातच आपोआप वाढणारा आणि ओसरणारा विकार आहे. कुठलाही पदार्थ सोडला आणि पुढच्या महिन्यात चेहरा निवळला, तर श्रेय त्या पदार्थाच्या त्यागाला मिळणारच.

१९६९ मध्ये हे पथ्य निकालात निघालं. फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुरूम असलेल्या ६५ जणांना (काही किशोरवयीन रुग्ण, काही तुरुंगातले तरुण कैदी) चार आठवडे रोज एक चॉकलेट बार दिला. त्यात नेहमीच्या बारच्या सुमारे दहापट चॉकलेट होतं. तुलनेसाठी तितकेच दिवस दिसायला तसाच, पण चॉकलेट नसलेला बार दिला. दोन्ही काळांत मुरुमांत म्हणावा असा फरक पडला नाही, असा निष्कर्ष निघाला.

खोट होती ती तुलनेच्या बारमध्ये. साखर आणि स्निग्ध पदार्थ त्यातही भरपूर होते. म्हणजे ‘चॉकलेट विरुद्ध काही नाही’ अशी ही तुलना नव्हतीच. एका गोड, चरबीयुक्त बारशी दुसऱ्या तशाच बारची ती तुलना होती. शिवाय प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचं साहाय्य होतं. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर क्लिगमन यांनी केलेले प्रयोग पुढे नैतिकतेच्या मुद्द्यावरून कुप्रसिद्ध झाले, पण तोवर निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत मुरला होता. ‘चॉकलेटने फरक पडत नाही’ या मर्यादित विधानाचं ‘आहाराने फरक पडत नाही’ असं सरसकट विधान होऊन बसलं आणि सुमारे तीस वर्षं तेच चाललं. एवढ्या लहानशा प्रयोगावर एवढा मोठा भार कुणी टाकायला नको होता.

प्रश्न पुन्हा उघडला तो दोन अशा समाजांमुळे, जिथे मुरूम सापडलेच नाहीत. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरचे १,२०० रहिवासी आणि पराग्वेतल्या आचे जमातीचे ११५ लोक यांची पाहणी प्रसिद्ध केली. मुरुमाची एकही नोंद नाही! कितावावरच्या लोकांच्या जेवणात कंदमुळं, फळं, नारळ आणि मासे असतात. पिष्टमय पदार्थ भरपूर, पण साखर-मैद्यासारखं प्रक्रिया केलेलं जवळपास काही नाही. हा परिणाम आहाराचा, अनुवंशाचा की बाकी जीवनशैलीचा, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरीही संशोधकांचं लक्ष चरबीवरून रक्तातल्या साखरेकडे वळलं.

साखर झपाट्याने वाढली की इन्शुलिन वाढतं आणि त्यासोबत ‘आयजीएफ-१’ या वाढीच्या संप्रेरकाचा प्रभावही. त्याने त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि रोमछिद्राच्या अस्तराच्या पेशी भराभर वाढून छिद्र बुजतं. लॅरॉन सिंड्रोम हा दुर्मीळ आनुवंशिक विकार असलेल्यांच्या शरीरात आयजीएफ-१ जवळजवळ तयारच होत नाही आणि त्यांना मुरूम क्वचितच येतात. उपचार म्हणून ते जास्त मात्रेत दिल्यावर मात्र काहींना आले.

२००७ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर बारा आठवड्यांची चाचणी घेतली. रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार घेणाऱ्यांच्या मुरुमांची संख्या सरासरी २३.५ने कमी झाली, नेहमीसारखं खाणाऱ्यांची १२ने. दुसरा आकडाही बघण्यासारखा आहे: आहार न बदलताही मुरूम कमी होतात, ते इतके. शिवाय पहिल्या गटाचं वजनही घटलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय आहाराच्या प्रकाराला देता येत नाही.

दुधाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ४७,३५५ परिचारिकांच्या माहितीवरून दूध आणि मुरूम यांचा संबंध दिसला, आणि साय काढलेल्या दुधाशी तो अधिक ठळक होता. दोष स्निग्धांशाचा असता तर उलटं दिसायला हवं होतं. त्यामुळे संशय दुधातल्या प्रथिनांवर, विशेषतः व्हे प्रथिनावर (दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतल्या प्रथिनावर) गेला. मात्र या परिचारिका आपल्या शाळकरी वयातला आहार कित्येक वर्षांनी आठवून सांगत होत्या.

जीवनसत्त्वांचा मार्ग वेगळाच निघाला. १९४०च्या दशकात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा देऊन पाहिल्या गेल्या. त्या विषारी ठरू शकतात. त्याच जीवनसत्त्वाच्या कुळातलं आयसोट्रेटिनॉइन १९८२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, पण औषध म्हणून, आणि गर्भावर गंभीर परिणाम होत असल्याने कडक देखरेखीखाली.

अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना साखर बेताने वाढवणारा आहार, दूध, व्हे आणि चॉकलेट या सगळ्यांबद्दल एकच सांगतात: शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. तो जमवणंही सोपं नाही. गोळी रिकामी आहे की औषधाची, हे रुग्णापासून लपवता येतं. ताटात काय वाढलंय ते लपवता येत नाही.