झोपडपट्टी पुनर्वसन योजना (मुंबई)

झोपड्या हटवून शक्यतो त्याच जागी, खाजगी विकासकाच्या पैशातून, पात्र रहिवाशांना मोफत पक्के घर देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. वस्त्यांमध्ये तिला सरसकट ‘एसआरए’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकवस्ती झोपडपट्ट्यांत नोंदली गेली, यावरून या प्रश्नाचा आवाका कळतो.

१९७१ च्या झोपडपट्टी कायद्यानंतरही पाडकाम चालूच होते. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना होऊन फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाची फोटोसह ओळखपत्रे, वाटले गेले. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन दिले, अफझुलपूरकर समितीने आराखडा आखला आणि त्याच वर्षअखेर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (इंग्रजीत स्लम रिहॅबिलिटेशन ऑथॉरिटी, म्हणजेच ‘एसआरए’) स्थापन झाले. ४० लाखांचे ते उद्दिष्ट अजून फार दूर आहे.

विकासक रहिवाशांची इमारत बांधतो आणि बदल्यात त्याला बाजारात विकण्यासाठी जादा बांधकाम किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. त्यामुळे कोणत्या वस्तीचे काम आधी होणार, हे जमिनीच्या भावावर ठरते. डोंगरउतारावरची वस्ती दर पावसाळ्यात दरडीखाली जीव मुठीत धरून राहते. तिथे विक्रीचा हिशेब जुळत नाही, म्हणून विकासक फिरकत नाही.

खरा कस लागतो तो ‘परिशिष्ट-२’ या पात्रता यादीत. मोफत घरासाठी आधी १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागू लागला: मतदार यादीतले नाव, वीजबिल, फोटोपास. पुरात कागद वाहून गेले, की माणूस एका शेऱ्याने ‘अपात्र’ होतो. माळ्यावर भाड्याने राहणारे कुटुंब, म्हणजे वस्तीतले सर्वांत गरीब, सहसा यादीबाहेरच राहते.

घराचे क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाले. पण झोपडी हे कामाचेही ठिकाण असते. धारावीच्या कुंभारवाड्यात मूळ सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे दारासमोर मडकी वाळवतात, सामाईक अंगणातल्या भट्टीत ती भाजतात. हे अंगण चौरस फुटांच्या हिशेबात कुठेच धरलेले नाही. पापड वाळत घालणारीचे, शिलाई करणारीचेही तेच. अनेक पुनर्वसन इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. मेंटेनन्स, पंप आणि लिफ्टचे बिल न परवडल्याने काही जण घर भाड्याने देऊन पुन्हा एखाद्या झोपडीत राहायला जातात.